आधी तुमी खा

हिंगोलीच्या आमच्या शाळेच्या बोर्डिंगात कुणी दानाचं पोतं आणून टाकलं, की स्वयंपाकीण सरूबाई त्या दात्याला जाऊ देत नसे. त्याच पोत्यातली ओंजळभर ज्वारी दळायची, भाकरी थापायची आणि ताट पुढे सरकवून म्हणायची, "आधी तुमी खा. मंग लेकरं खातील."

निजामाचा अंमल. बोर्डिंग चालायचं ते गावोगावच्या दानावर. आणि दान म्हणजे काय, तर पेवाच्या तळाची, जमिनीतली ओल लागून काळी पडलेली ज्वारी! पहिल्या घासालाच दात्याचं तोंड वाकडं व्हायचं. "लागली ना कडू?" सरूबाई विचारायची. मग एकतर चांगलं पोतं यायचं, नाहीतर तो माणूस पुन्हा फिरकायचा नाही. व्यवस्था माझ्याकडे असल्याने माझा जीव टांगणीला.

ती पुसेगावची, विधवा. पैसा नाही म्हणून कधी रडली नाही. बांधावरून तांदुळजा, पाथरी अशी रानभाजी खुडून आणायची, कारळाची चटणी कुटायची. "नुसतं पोट भरून काय करता गुरुजी? अंगाला लागलं पाह्यजे," म्हणायची.

एका साली पावसाने दगा दिला. तूर मिळेना. तेव्हा एका बड्या जमीनदाराने गाडीभर लाखेची डाळ आणली. दिसायला तुरीसारखीच. सरूबाईने पोत्यात हात घातला आणि काढून घेतला. "ही लाख हाय. मी न्हाई शिजवायची."

जमीनदार हसला. "तुझी रीत हाय ना बाई? वाढ मला." रीत तिचीच, म्हणून तिने तेवढ्यापुरती शिजवली. वाटीभर वरण त्याने ओरपलं, ढेकर दिला, वर आणखी मागितलं.

"एका जेवणानं काय व्हतंय गुरुजी?" सरूबाई मला म्हणाली. " माझ्या भावानं सालभर हीच खाल्ली. पाय गेले त्याचे. काहून लेकरायच्या जिवावर उठून राहिले तुमी?"

आणि मी, शिकलेला शहाणा, काय म्हणालो? "सरूबाई, नियम तुमचाच. त्यांनी खाऊन दाखवलं. आता पुरे." भावाचे पाय वाताने गेले असतील, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. तिने पळी चुलीपाशी ठेवली आणि ती पुसेगावला निघून गेली.

नवा स्वयंपाकी आला. दोन्ही वेळा लाखेचं वरण, लाखेचं पिठलं. मुलं पोटभर जेवत होती, मी खूश! थंडी सरता सरता हट्टा गावाहून आलेल्या नामदेवाच्या टाचा टेकेनात. कवायत चुकवतो म्हणून मी त्याला छडी मारली. छडी मारली हो मी! महिन्याभरात तो काठीशिवाय उभा राहीना. डॉक्टरांनी काय खातो ते विचारलं, मी लाख सांगितली. हे पाय पुन्हा सुधारत नाहीत, म्हणाले.

मी पुसेगावला जाऊन सरूबाईचे पाय धरले. ती गाठोडं बांधून आली. उरलेली डाळ तिने खड्डा खणून पुरली, चूल सारवली, नामदेवाला जवळ बसवून भाकरी कुस्करून दिली. मग माझ्याकडे वळली.

"गुरुजी, त्या जमीनदारानं एक डाव तरी खाल्ली. तुमी कवा खाल्ली व्हती?"

मरेपर्यंत ती बोर्डिंगातच राबली. हा प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही. माझा डबा तेव्हा घरून यायचा. तुरीचं वरण, वर तूप.