टेकडीची वही

आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाल्याचं कळलं त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना. मरोळच्या कारखान्यात पॅकिंग करतानाही डोक्यात एकच, यंदा तिकीट मलाच. भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीत पक्षाचं काम मी अकरा वर्षं केलं होतं. पाण्याचा मोर्चा म्हणू नका, रेशनकार्डाचे फॉर्म म्हणू नका. शिवाय माझ्याकडे वही होती. कुठल्या घरात किती मतं, कोण गावी असतं, कोण वारलं, कोणाची मुलगी लग्न होऊन गेली, सगळं माझ्या हातचं.

तिकिटाच्या मुलाखतीला अर्ध्या दिवसाची रजा टाकून पक्षाच्या शाखेत गेले. समोर तिघे बसलेले.

"घरात आधी कोणी राजकारणात?"

"नाही."

"गाड्या? पोरं किती उतरवाल?"

"बायका उतरतील की!"

"दोन महिने नोकरी सोडाल?"

माझ्या पगारावर घर चालतं हे त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं. मग मी अक्कल गहाण ठेवून वहीच पुढे केली. म्हटलं, हे माझं काम बघा.

मधल्यानं चाळली. "झकास! राहू दे इथे, वरती दाखवतो."

आठवडाभर फोन हातातून सुटला नाही. पोळ्या करपल्या. नवरा म्हणाला, "बस ना गं जरा," तर त्याच्यावरच खेकसले.

तिकीट माजी नगरसेवकाच्या सुनेला गेलं. लग्न होऊन तीन वर्षं झालेली, टेकडी तिनं गाडीच्या काचेतून पाहिलेली. पोरगी वाईट नाही. तोच तर ताप, तिच्यावर धड रागावताही येईना.

रविवारी तिच्या प्रचाराचे ढोलताशे आमच्या गल्लीत शिरले. ती माझ्या दाराशी आली. हातात माझी वही. पान बघून तिनं हात जोडले.

"काकू, तुमची चार मतं ना? सासूबाई गेल्याचं वाचलं, वाईट वाटलं."

सासूबाईंच्या नावावर काट मीच मारली होती, दिवसकार्य उरकल्यावर. वही हिसकावून घ्यावी, चार शब्द सुनावावेत, असं फार वाटलं.

"तीन," मी म्हटलं. "मुलगी मुलुंडला दिली. लिहायचं राहिलं."

तिच्याकडून पेन मागून घेतलं, मुलीचं नाव खोडलं आणि वही तिच्या हातात परत दिली.