पंचेचाळीस डिग्रीत हीटर

चेहऱ्यावरून माणूस ओळखणारे पुष्कळ असतात. पण फरशीवरून माणूस ओळखणारा अख्ख्या अमिरातीत एकच, आणि तो दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत आमच्या शेजारच्या घरात राहतो. या काकांची हयात रास अल खैमाच्या टाईल्स विकण्यात गेली. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी बोटाच्या पेराने फरशी ठोकून बघतात, आणि आवाज पोकळ आला की यजमानाकडे असं पाहतात, जणू घरात कुणी अंथरुणाला खिळलंय. मी इथे राहायला आले तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझं बाथरूम पाहिलं आणि म्हणाले, "उतार चुकलाय. बाकी मुलगी चांगली दिसतेस."

अशा माणसाच्या हाती त्यांच्या मुलीने, सईने, पुण्याला कॉलेजला जाताना, आपली मँगो सोपवली. मँगो म्हणजे लेपर्ड गेको. पिवळं अंग, काळे ठिपके, लांबी वीतभर आणि चेहरा कायम हसरा. काकूंच्या लेखी ती पालच. "लोक पालीला झाडूने हाकलतात, आमच्याकडे तिला काचेचा बंगला!" एअरपोर्टवर सई आईबाबांपेक्षा मँगोसाठीच जास्त रडली. "बाबा, प्रॉमिस करा, मी दिवाळीला येईन तेव्हा शी विल बी फाइन." काकांनी प्रॉमिस केलं आणि परतताना गाडीतच म्हणाले, "आधी तिच्या पेटीतला तो खालचा कागद काढू. कागदावर कुणी राहतं का?"

मग बंगल्याच्या फ्लोअरिंगचं काम निघालं. पहिली टाईल आरशासारखी चकचकीत. तिच्यावर मँगोचे चारी पाय चार दिशांना गेले. "क्लायंटला पसंत नाही," काकांनी जाहीर केलं. मग वाळवंटातला जीव म्हणून रास अल खैमाहून पिशवीभर वाळू आणली आणि काकूंच्या रव्याच्या चाळणीने चाळायला बसले. इथे मी मधे पडले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि तीही बी.एस्सी. झूलॉजी. रास अल खोरच्या गोडाऊनमध्ये स्पेअर पार्ट मोजताना त्या डिग्रीला कुणी विचारत नव्हतं, आता विचारलं. "काका, ही मूळची खडकाळ माळावरची. किड्याबरोबर वाळू पोटात गेली तर आतडं तुंबेल." "खलास!" म्हणून काकांनी वाळू परत पिशवीत भरली आणि खरखरीत टाईल मापात कापून आणली. सांधे असे बसवले की बुर्ज खलिफामध्येही सापडणार नाहीत. ठोकून पाहिलं. आवाज भरीव. काका खूश.

फक्त मँगो खाईना. काकू नाक दाबून चिमट्याने अळी धरायच्या आणि ती तोंड फिरवायची. शेपटी बारीक होत चालली. सई रोज फोनवर विचारायची, "बाबा, डिड शी ईट?" आणि टाईलच्या भावात एका फिलसाची, दमडीचीही थाप न मारणारे काका म्हणायचे, "हो बेटा, मस्त."

मी पेटीत हात घातला. फरशी देवघरातल्या संगमरवरासारखी गार. "काका, हिला खालून ऊब लागते. तिच्याशिवाय पचतच नाही. हीटर आणा."

"हीटर? दुबईत? ऑगस्टमध्ये?" काका हसून हसून सोफ्यावर बसले. "अगं, बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. दुकानदार म्हणेल, हबीबी, आधी डोकं तपास."

"पंचेचाळीस बाहेर आहे, काका. आत तुम्ही रजई पांघरून झोपता."

काकांचं हसू तिथेच थांबलं. एसीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग उठून एसी बंद केला. "यल्ला, चल," म्हणाले, "कुठे मिळतो?" दुकानातून हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, यायला दुसरा दिवस उजाडला, तोवर नवरा-बायको बंद एसीत घामाने निथळत, वर्तमानपत्राने वारा घेत पेटीपाशी बसले होते. मॅट पेटीच्या एका बाजूला, तळाखाली लावली. दुसरी बाजू गार ठेवली, म्हणजे तिचं तिला ठरवता येईल. ऊब प्रमाणात ठेवणारा थर्मोस्टॅटही बसवला. मँगो जरा वेळाने उबेच्या बाजूला सरकली आणि पोट टाईलला चिकटवून पसरली. संध्याकाळी काकूच ओरडल्या, "खाल्लं गं बाई, खाल्लं!" ज्या पालीला झाडू दाखवायचा, तिच्यासाठी त्यांनी देवापुढे साखर ठेवली. त्या दिवशी फोनवर काकांना "हो बेटा" एवढंच जमलं.

दिवाळीला सई आली. जाडजूड शेपटीची मँगो तिच्या तळहातावर चढली. "बाबा, यू आर द बेस्ट," म्हणाली, आणि आठवड्याभरात परत गेली.

परवा सहज डोकावले, तर काका पेटीत हात घालून उलट्या पंजाने फरशी चाचपत होते. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे.

"काका, थर्मोस्टॅट आहे ना?"

"असू दे गं." हात तिथेच होता. "पुण्यात थंडी पडलीय म्हणे. हॉस्टेलची फरशी मी अ‍ॅडमिशनच्या वेळी ठोकून बघितली होती. बसवलीय चांगली. पण गार आहे. आणि ही मुलगी पायात मोजे घालत नाही."