दोनशे चाळीस पट्ट्यांचा मोर

सांगोल्याकडच्या माळावर वाढलेली बाई मी. तिन्हीसांजेला एकटीनं शेळ्या हुडकून आणल्यात, अंगात आलेल्या बायांना ताक पाजून ताळ्यावर आणलंय. असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी भाजी निवडायला घेते. आता माझीच सांगायची म्हणजे... असो.

मागच्या आठवड्यात नातीनं, ऋतूनं, लॅपटॉप पुढ्यात धरला. "आजी, बघ ना, या फाइलच्या नावापुढं काहीच नाही. फोटो आहे का गाणं, कशात उघडायची तेच कळत नाही." एकात उघडली तर नुसता कचरा, चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मग तिनं त्या कचऱ्यातली पहिली अक्षरं वाचली, म्हणाली, "फोटो आहे!" नाव दिलं आणि उघडला की! मी म्हटलं, बाई गं, हे मी पन्नास वर्षांपूर्वी पाहिलंय. तिला सांगितलं, तेच तुम्हाला सांगते. फार वेळा सांगून झालंय, दमते आता.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पण आमची विहीर काही भरली नाही. आमच्या ह्यांना सोलापुरात गिरणीत काम लागलं आणि मी अशोक चौकाच्या मागं नरसय्या मास्तरांच्या शेडमध्ये पट्ट्या ओवायला लागले. चादरीवर जे फूल उठतं ना, ते आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडून लिहिलेलं असतं. एक पट्टी म्हणजे एक आडवा धागा. सगळ्या पट्ट्या दोरीनं ओवून माळ करायची आणि मागाच्या डोक्यावर जकार्ड असतं, भोकांप्रमाणे हुकांनी उभे धागे उचलणारं यंत्र, त्यावर चढवायची. माळ फिरते, संपली की परत पहिली पट्टी. त्या पहिल्या पट्टीवर नक्षीचं नाव, किती हुकांच्या जकार्डाची, वरची बाजू कुठली — एवढं पेन्सिलीनं लिहायचंच. न लिहिलेली माळ म्हणजे ऋतूची फाइल.

मास्तर तेलुगू. मोतीबिंदूनं डोळे गेलेले, चार वर्षं भोकं पाडायचा पंच हातात धरला नव्हता. बायको कधीच गेलेली. एकुलता मुलगा श्रीनिवास, तोच भोकं पाडायचा. बापलेकाचं फाटलं ते मोरावरून. मास्तरांचा मोर सगळ्या पेठेत ठाऊक — बाकीचे तीन पिसांचा तुरा काढायचे, मास्तर पाच. ते म्हणायचे, मोराशिवाय चादर खपत नाही. पोरगा बापाला म्हणायचा, "नायना, मोर बघून बघून लोकं कंटाळली." एक दिवस म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत त्याचा नक्षीचा ग्राफ फाडला. पोरगा त्याच दिवशी सुरतेला गेला. दीड वर्ष झालं तरी पत्र नाही. पोस्टमनची सायकल वाजली की मास्तर मान वर करायचे. विचारायचे काही नाहीत... नुसती मान.

मे महिना होता. माग चालवणाऱ्या मल्लेशमला फळीमागं एक धुळकट माळ सापडली.

"मास्तर, बिननावाची हाय. चुलीत घालू का? तेवढंच पाणी तापंल."

"हिकडं आण."

मास्तरांनी ती मांडीवर घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पट्टी बोटांखालून काढली. ओठ हलत होते, मला वाटलं देवाचं नाव घेतायत. मग म्हणाले, "चारशे हुक. पंच जरा तिरका पडलाय. श्रीनिवासचा हात हाय."

मास्तरांनी माळ मल्लेशमच्या पुढ्यात धरली.

"काय सोडून गेलाय बघू दे. लाव."

जेवणाच्या सुट्टीत मल्लेशमनं माळ चढवली. पहिल्यांदा नुसता गोंधळ उठला. "ही नक्षी हाय का सांडलेला भात?" मल्लेशम म्हणाला. मास्तरांनी कापडावरून हात फिरवला. "उलटी चढवलीस, गाढवा. काठाची भोकं डावीकडं घे."

पुन्हा लावली. पाण्याच्या रांगेसाठी पहाटे चारला उठलेली मी, त्यात घरी दोन पोरं... भिंतीला टेकले आणि खटखट ऐकता ऐकता डोळा लागला. उघडला तेव्हा कापडावर कडुलिंबाचं झाड उभं होतं. आमच्या शेडच्या दारातलंच, बुंधा तसाच वाकडा. आणि शेंड्याजवळच्या फांदीवर मोर. मागं वळून बघणारा.

"वच्चिंदा?" मास्तरांनी विचारलं. आलं का?

मल्लेशमनं तुकडा कापून त्यांच्या मांडीवर ठेवला. बोटं बुंध्यावरून चढत गेली, फांदीवर गेली, मोराशी थांबली. तुऱ्यावर एकेक टेकलं.

"पाच," म्हणाले. आणि मग, "ऐकलं माझं पोरानं."

त्या दिवशी मास्तर पोटभर जेवले. दीड वर्षात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मल्लेशम आणखी एक तुकडा काढायला बसला. थोड्या वेळानं मला हाक मारली, अगदी हळू. "सुमनबाई, हितं या. वरडू नका."

कापडावर बुंधा, दोन फांद्या, आणि तिथंच झाड कापल्यासारखं संपलेलं. त्यावर परत बुंधा, दोन फांद्या. मोर नाही. तीनदा विणलं, तीनदा तेच. मी माळ मोजली. दोनशे चाळीस पट्ट्या. मग आदल्या दिवशीच्या तुकड्याचे धागे टाचणीनं एकेक मोजले. चारशे ऐंशी.

म्हणजे पोरानं अर्धंच झाड लिहून ठेवलं होतं.

माळ उलटी फिरली असेल, असं पुढं पुष्कळांनी सांगितलं. मग वरचं अर्धं झाड उलटं उठायला हवं, आणि मोर तरी कुठून येणार? दुसरी माळ लावली म्हणावं तर मास्तरांच्या जुन्या माळा वाळवीनं कधीच खाल्ल्या होत्या. सगळी शेड उपसली, हाती काही लागलं नाही. मल्लेशमनं मुलांची शपथ घेतली. खोटं बोलायला त्याला तेवढी अक्कलही नव्हती, बिचारा.

मास्तरांना आम्ही काही सांगितलं नाही. काय सांगायचं? तुमच्या पोरानं मोर काढलाच नव्हता म्हणून?

श्रीनिवासचं पत्र कधी आलं नाही. मास्तर तो तुकडा उशाला घेऊन झोपायचे. दोन वर्षांनी अंथरुणाला खिळले. मी पेज घेऊन गेले होते, तर मधेच म्हणाले, "सुमन, त्या माळेत किती पट्ट्या होत्या गं?"

मी पेज ढवळत म्हटलं, "चारशे ऐंशी, मास्तर."

मास्तरांनी वाटी बाजूला सारली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं अम्मा," म्हणाले. तुकडा माझ्या ओटीत घातला.

घरी जाताना रस्त्यात ते हलणारे ओठ आठवले आणि मी तिथंच उभी राहिले. देवाचं नाव नव्हतं ते. मास्तर पट्ट्या मोजत होते. मोराच्या तुऱ्याला हात लावायच्या आधीपासून त्यांना दोनशे चाळीसचा आकडा ठाऊक होता.

यातलं काय कसं घडलं, मला अजून सांगता येत नाही आणि आता विचार करायचंही त्राण नाही. तुकडा ट्रंकेत आहे. रंग उडाला, पण बोट फिरवलं की पाच पिसं लागतात. ऋतू म्हणते, फोटो काढून ठेवू. म्हटलं, काढ बाई. फक्त फाइलला नाव काय द्यायचं, ते मला विचारू नकोस.