शेंदराखालचे हाड

निजामी अमलात मी पूर्णेच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा नरहरराव मास्तर तिथे विज्ञान शिकवीत. पुस्तके उर्दू, मुले मराठी आणि नरहररावांच्या कोटाच्या खिशात सदा दगड. खिसे शिवून शिवून वहिनी कावल्या होत्या.

एका सुट्टीत आम्ही दोघे राणीसावरगावच्या माळावर गेलो. तिथे संभाआबा या मेंढपाळाच्या देवळीत शेंदूर माखलेला देव होता. आबांच्या आज्याने मेंढरांमागे हिंडताना तो गोदावरीच्या खालच्या अंगाकडून आणलेला. बुडाशी शेंदराचा टवका उडाला होता. तिथून दगड झालेले, पोकळ, अगदी पातळ भिंतीचे हाड दिसत होते. नरहरराव खाली बसले ते उठेनात.

"पाखरे जन्मायच्या आधी उडणारे सरडे होते. त्यांतल्या एकाचे असावे," ते म्हणाले. आपल्या मुलखात असे काही सापडल्याचे ऐकिवात नव्हते. हाड हैदराबादला गेले असते, तर नरहररावांचे नाव झाले असते.

आबा म्हणाले, "मास्तर, देव हाय तो आमचा. कौल लावू. उजवा दिला तर खुशाल न्ह्या."

देवाला फुले चिकटवली. डावे पडले. नरहररावांनी हात जोडले आणि चपला घातल्या. वाटभर कुरकुर केली ती मीच.

पुढे काही वर्षांनी आबा स्वतः पूर्णेला आले. "मास्तर, देवानं कवच सोडलं. शेंदूर गंगेत सोडून आलो. उद्या सांजच्याला नवा लावायलोत आमी. तवर बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी देवळीत हाड उघडे होते, तेही अर्धेच. मी चित्र काढले आणि हौसेने पंख, चोच, दात जोडून दिले. नरहररावांनी खोडरबर घेऊन माझी सगळी भर पुसली. "देवाने एवढेच दाखवलेय. बाकीचे आपण कशाला पुरवायचे?"

उरलेले चित्र हैदराबादला पाठवले. तिथल्या जाणकारांचे उत्तर आले: चित्रावरून सांगता येत नाही, हाड पाठवा. हेडमास्तरांनी सरकारी हुकूम आणायचे सुचवले. नरहरराव म्हणाले, "मग त्या गावची वेस मी कोणत्या तोंडाने ओलांडू?" विषय तिथेच संपला.

हाडाला अजून नाव नाही. नरहररावांचे नावही त्याला लागले नाही. याचे मला वाईट वाटते, आणि त्याहून जास्त अभिमान वाटतो.

आज ते पंचाहत्तरीत आहेत. परवा आबांचा नातू भेटला. म्हणाला, "शेंदूर लय जाड झालाय. धा-बारा वर्सांत देव पुन्हा कवच सोडंल."

नरहरराव, तोवर ठणठणीत राहा. मी पेन्सिलीला टोक काढून ठेवतो. खोडरबर तुम्ही आणा.