आतोबांना सगळं ठाऊक होतं

ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही असा प्रश्न अजून जन्माला यायचा होता, आणि ज्याचं उत्तर त्यांनी बरोबर दिलं असा प्रश्नही. आमचे आतोबा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अंथुर्ण्याचे बागाईतदार होते. पाटाच्या पाण्यावर ऊस आपोआप वाढत होता आणि बसायला पारासमोर चहाचं दुकान होतं. अज्ञान जोपासायला माणसाला याहून जास्त काय लागतं? विचारणाऱ्याचं वाक्य पुरं होण्याआधीच त्यांचं उत्तर तयार असे. बशीला बशी का म्हणतात, तर कप तिच्यात बसतो म्हणून. जिलबीला वेढे कशाला? "सरळ केली तर पाक एका टोकानं आत जाऊन दुसऱ्या टोकानं भाईर पडंल." आगगाडीच्या रुळांमध्ये खडी कशासाठी? "डायवरला डुलकी लागू नये म्हणून. खडखड व्हती न्हाय का!" हे सारं ते अशा गंभीर चेहऱ्यानं सांगत, की रेल्वेत हयात घालवलेला माणूससुद्धा मान डोलवायचा. स्वतः उठून एखादी गोष्ट पाहून यावी, कुणाला तरी विचारावं, असला कमीपणा त्यांनी कधी पत्करला नाही.

सोड्याच्या बाटलीतली गोटी हा या विद्वत्तेचा कळस. "गोटी पाण्यात हवा सोडती, म्हणून तो सोडा," असा त्यांचा सिद्धांत. सिद्धांतावर थांबते तरी बरं होतं. पण थोरल्या मुलीच्या सोयरिकीसाठी पाहुणे आले, तेव्हा त्यांनी बाजारातून सोडा आणूच दिला नाही. सकाळपासून साखरेच्या पाण्याच्या कळशीत गोट्या भिजत घातल्या. पाहुण्यांनी पेले तोंडाला लावले, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आबा, ह्यात काय पडलंय?" आतोबा थंडपणे म्हणाले, "गोट्या नव्या हायती. अजून मुरल्या न्हाईत." सोयरीक जमली ती निव्वळ मुलीच्या गुणांवर.

हे हसण्यावारी नेता आलं ते आत्याचे डोळे शाबूत होते तोवरच. तिला अंधूक दिसायला लागलं. आतोबांनी जागेवरून न उठता निदान केलं, "चुलीचा धूर साचलाय डोळ्यांत. पाणी आलं की धुऊन जाईल." आणि ती भाबडी बाई वर्षभर कांदे चिरत बसली. शेवटी तापल्या तव्यावर तिचा हात पडला, तेव्हा मी बारामतीहून जाऊन तिला एस.टी.च्या थांब्यावर आणलं. बारामतीच्या एका धर्मशाळेत डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर भरलं होतं. आतोबाही बरोबर निघाले. लांबून गाडीचा धुरळा दिसत असताना आत्यानं भीतभीत विचारलं, "अवो, मोतीबिंदू काढत्यात म्हंजी काय करत्यात?"

"काय न्हाय. डोळा भाईर काढत्यात, साबणानं धुत्यात आन् परत बसवत्यात. कवा कवा उलटा बसतो, मग मानसाला समदं उलटं दिसतं."

आत्या मटकन खाली बसली. "मला न्हाय जायाचं. आंधळी बरी मी."

एस.टी. आली, थांबली आणि निघून गेली. आत्या जागची हलली नाही. मी सगळ्या थांब्यासमोर ओरडलो, "आतोबा, तुम्हाला ह्यातलं काडीचंही कळत नाही! आजवर कशातलंच कळलं नाही! तुमच्या एका उत्तरापायी ही बाई जन्माची आंधळी होईल!"

त्यांना असं कुणी कधी बोललं नसावं. ते माझ्यावर चिडतील असं मला वाटलं. पण ते आत्याच्या भाजलेल्या हाताकडे पाहत राहिले. मग तिच्याशेजारी खाली बसून म्हणाले, "म्या ठोकून दिलं गं. काय करत्यात ते मला न्हाय ठावं. पर तू चल." पुढच्या गाडीनं आम्ही गेलो.

ऑपरेशन नीट झालं. त्या काळी नंतर दोन्ही डोळे बांधून माणसाला उताणं झोपवून ठेवत; मानही हलवायची नाही. धर्मशाळेच्या ओसरीवर आत्या तशी पडलेली आणि उशाशी आतोबा, तोंडाला कुलूप घातल्यासारखे. डॉक्टरनं नाव विचारलं तरी आधी माझ्याकडे पाहत. एका दुपारी आत्या म्हणाली, "लई अंधार हाय वो. काय तरी सांगा. तुमी बोलाया लागला की मला भ्या वाटत न्हाय."

"काय सांगू? मला काय बी येत न्हाय."

"खोटं सांगा, चालंल."

आतोबा रस्त्याकडे तोंड करून हळूहळू बोलू लागले, "एक बैलगाडी चाललीया. उसाची. डावा बैल पांढरा हाय. गाडीवान कांडं सोलून खातोय... आता एक बाई आली. डोक्यावर पाटी हाय. पाटीत वांगी हायती."

आत्याची आवळलेली मूठ सैल पडली. त्यांचं बोलणं पडताळायच्या सवयीनं मी उठलो आणि त्यांच्या मागं उभा राहून रस्त्यावर पाहिलं. डावा बैल पांढरा होता. पाटीत वांगीच होती.