कावळा बसला, मावशी रडली

आमच्या पांढुर्ण्यात कावळे कोंबड्याएवढे असतात. खोटं वाटत असेल तर येऊन पाहा. संत्र्याच्या फोडी खाऊन खाऊन माजलेत. असाच एक माजलेला कावळा दिवाळी उलटल्यावर, गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या माझ्या आईच्या डोक्यावर बसला. नुसता टेकला नाही हो. चांगलं बूड टेकवलं, गावभर नजर फिरवली, मग उडाला.

आता डोक्यावर कावळा बसला म्हणजे त्या माणसाचं मरण जवळ आलं, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. उतारा एकच. नातेवाइकांना खबर द्यायची, माणूस गेलं म्हणून. ते मनापासून रडले की मरण फसतं आणि आल्या पावली परत जातं. मग दुसरा फोन करून सांगायचं, "जितं हाय, कावळा बसला होता."

आई निवृत्त शिक्षिका. "असं काही नसतं," म्हणाली आणि उरलेली चादर झटकली. पण बाबांनी तोवर फोन लावलाही होता. "गेली हो तुमची बहीण," हे त्यांनी आधी मामाला आणि मग मावशीला इतक्या कळवळ्यानं सांगितलं, की सांगता सांगता स्वतःच रडायला लागले. आई समोर उभी. म्हणाली, "चहा आता घेता, की आधी रडून घेता?"

मामाला खरं सांगणारा दुसरा फोन लागला. मावशीला लागला नाही. मावशी सौंसरच्या पलीकडच्या खेड्यात, वावरात कापूस वेचत होती. पहिली खबर ऐकली आणि हातातला फोन तिथंच टाकून ती बसकडे पळाली. दुसरा फोन बिचारा कापसात वाजत राहिला.

मावशी आमच्या गल्लीत शिरली ती हंबरडा फोडतच. तो हंबरडा असा, की तिकडे तिगावजवळ रेल्वेगाडी जागीच उभी राहिली. ड्रायव्हरला वाटलं समोरून दुसरं इंजिन येतंय. कोपऱ्यावरचे डॉक्टर मरणाचा दाखला द्यायचा म्हणून न बोलावता पिशवी घेऊन आले. मावशी जिना चढून वर आली, तर मेलेली बहीण दारात उभी.

"अव माय!" मावशी पायरीवरच बसली. "मास्तरीन, तू मेली नाही?"

"नाही ना बाई. कावळा बसला होता."

"मंग मी काऊन रडून राहिली सौंसरपासून? सारी बस रडवली ना मी! कंडक्टर भी रडला बिचारा."

हसत होती, पण दम काही बसेना. ओठ निळसर पडलेले. डॉक्टर पिशवी घेऊन आलेच होते, तर त्यांनी मेलेलीला सोडून जितीला तपासलं. नाडी पाहिली, छातीला नळी लावली, आणि नळी न काढताच आईला विचारलं, "या तुमच्या आई का?"

कावळा बसला तेव्हा उतरला नव्हता, तो आईचा चेहरा आत्ता उतरला. "बहीण आहे. तीन वर्षांनी मोठी."

डॉक्टर ओशाळले. "हृदय थकलंय यांचं. नागपूरला दाखवा, लवकर. दाखवलं तर अजून पुष्कळ जगतील." न दाखवलं तर काय, ते त्यांनी पिशवीत घालून बंद केलं.

दोघी एकाच आईचं दूध प्यालेल्या. आई शाळेत गेली, कारण धाकट्या भावाला, म्हणजे मामाला, कडेवर घेऊन कापूस वेचायला मावशी होती. शाळेनं आईला नोकरी दिली. नोकरीनं गॅस दिला, घरात नळ दिला, डोकं दुखलं तर सुट्टी दिली. मावशीला लग्नानं दुसऱ्याचं वावर दिलं आणि चुलीचा धूर दिला. जन्मभर तिनं वेचलेला कापूस एका जागी आणला ना, तर सातपुड्याला गादी होईल, वर उशीपुरता उरेल.

"उद्याच नागपूरला जाऊ," आई म्हणाली.

"मी नाही येत. कापूस फुटून राहिला तिकडं."

"बाई, जीव जाईल अशानं."

"जाईन तं जाईन. माह्या सासरी पासष्टीच्या पुढं कोनी गेलंच नाही. मी एकटी पुढं जाऊन तिथं बोलू कोनासंग?" मावशीनं पदरानं घाम पुसला. "अन् तुह्यासाठी रडाले मानसं हायेत. माह्यासाठी कोन रडन? कापूस म्हनन, बाई आज आली नाही."

आई उठली, मामाला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा करून मधल्या स्टुलावर ठेवला. "अरे, आपली थोरली बाई गेली."

मामा सकाळीच एकदा फसलेला. "आता तिच्या डोक्यावर बसला का कावळा?"

"नाही रे. जिना चढून आली, अन् पायरीवरच..."

 पलीकडे मामा फुटला. "मले कडेवर घेऊन फिरली व ते. माह्यापायी तिची शाळा सुटली. कधी बोललोच नाही मी तिले... राहूनच गेलं..."

मावशी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती, सिनेमा पाहावा तशी. आईला कोपरानं ढुसणी देऊन म्हणाली, "पाह्य, माह्यापेक्षा जोरात रडून राहिला." मग तिचेच डोळे भरले. तिनं झडप घालून फोन उचलला. "जिती हाय मी, लेका! नाक पूस पहिले!"

बाबा कावरेबावरे. "पण कावळा बसल्याशिवाय हा उतारा चालतो का?"

"बसला होता," आई म्हणाली. जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवत आलेली मास्तरीण! "तुमचं लक्ष नव्हतं."

मावशीनं फोन खाली ठेवला आणि पदर खोचला. "एवढं रडवलं पोराले. आता लगेच मरनं बरं नाही दिसत. किती वाजता हाय नागपूरची गाडी?" मग म्हणाली, "अन् कोनाले तरी माह्या वावरात धाडा. फोन वाजून वाजून मरून राहिला असन तिथं."