आबांच्या वहाणा

निवृत्तीनंतर पुण्यातला फ्लॅट विकून आम्ही नवरा-बायको मोटारहोममध्येच राहायला लागलो. पावसाळा सरला की बेडसे गावात एका शेताच्या कडेला आमचा महिनाभर मुक्काम असतो. शेतमालकाला सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून आम्हीही.

आबा रोज संध्याकाळी यायचे, चाकांवर थापा मारायचे आणि एसटीत चढावं तसे चिखलाच्या वहाणांनिशी थेट आत. स्वतःच्या घरी मात्र वहाणा अंगणातच काढायचे. ही झाडू घेऊन मागे धुसफुसायची. कुतूहल तर केवढं! नळ सोडून बघायचे, गादी उचलून खाली डोकावायचे. मग न चुकता एकच प्रश्न.

"समदं हाय. पण घर कुटं हाय तुमचं?"

"हेच घर, आबा."

"ही गाडी झाली. मी घर इचारतोय."

दोन वर्षं हेच चाललं. मी हसायचो, पण ते गेल्यावर उगाच चिडचिड व्हायची.

यंदा दसऱ्याला सकाळीच आबा झेंडू आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण घेऊन आले. पूजेसाठी मी बॉनेट पुसून ठेवलं होतं. म्हटलं, "इथे बांधा."

"तितं हार घालत्यात," म्हणत ते दाराकडे गेले. तोरण दारावर बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"या आबा, चहा घ्या," ही आतून म्हणाली.

आबांनी वहाणा खाली गवतात काढल्या आणि मग आत आले.